बटणातली काडी

विजेच्या लाइनवाल्यांनी आमच्या धानाच्या बांधीत ठोकलेल्या खुंट्या मी माझ्या हातानं उपटल्या, घरी आणल्या आणि त्यांच्यावर भात शिजवला. चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या होत्या, भराभर जळल्या. नवरा तुमसरला राइस मिलमध्ये कामाला होता, पंधरा दिवसांनी एकदा यायचा. आल्यावर त्याला कळलं तेव्हा तो घाबरला, पोलीस आले तर काय करशील म्हणाला. मी म्हटलं, त्यांनाही त्याच भातातला वाढीन. असा माझा स्वभाव. डोकं तापलं की तोंड आधी चालतं, अक्कल मागून येते. पण माझं तोंड जिथं चालायला हवं होतं तिथंच एकदा ते बंद राहिलं, आणि मला आज तेच सांगायचं आहे.

ऐंशीनंतरचं दुसरं-तिसरं वर्ष असेल. लाखांदूरची एसटी आम्हाला सडकेवर सोडायची, तिथून गाव दीड कोस. गावाला मोठा तलाव, तलावाच्या पारीखाली धानाच्या बांध्या, आणि वरच्या अंगाला मासे धरणाऱ्या ढिवरांची वीस-पंचवीस घरं. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध, बैलगाडी जाईल एवढा रुंद. त्या वर्षी असं ठरलं की मोठ्या विजेची नवी लाइन आमच्या गावावरून जाणार, आणि सरळ जायची म्हणून ती तलावाच्या पोटातून जाणार. लोखंडी टावरांचे चार पाय तलावात, बाकीचे आमच्या बांध्यांत. पायवे खोदायचे म्हणजे तुडूम उघडून तलावाचं सगळं पाणी सोडून द्यायचं, आणि काम संपेपर्यंत तलाव कोरडा ठेवायचा.

आम्हा शेतीवाल्यांचे फार तर बांधीचे कोपरे गेले असते. ढिवरांचं सगळंच गेलं असतं. मासे, शिंगाड्याचे वेल, उसनवारी करून सोडलेलं माशांचं बीज, सगळं. तलाव एक वर्ष कोरडा राहिला तर ही घरं गाव सोडून नागपुरात रिक्षा ओढायला जातील हे आम्हाला दिसत होतं. दोन घरं आधीच गेली होती.

त्या ढिवरांतली एक बाई माझ्या माहेरगावची होती. जात वेगळी, पण दोघी एकाच गावातून या गावात दिलेल्या. माहेरच्या गावाचं माणूस सासरच्या गावात भेटलं की ते सख्ख्यासारखं होतं, हे ज्या बायका लांब दिल्या गेल्या त्यांनाच कळेल. ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला बाई म्हणायची, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. ती मला पोरी म्हणायची. मला दोन लेकरं झाली, धान कापून कापून हात राठ झाले, तरी मी तिची पोरीच. माझ्या बाळंतपणात मरळ माशाचा रस्सा तिनंच आणून पाजला होता. तेव्हा खुंट्या उपटल्या त्या काही माझ्या बांधीच्या कोपऱ्यासाठी नव्हत्या. तिच्या तलावासाठी उपटल्या होत्या, आणि मला त्याचा मोठा अभिमान होता.

पोलीस आले नाहीत. वीज खात्याचे साहेब आले. तरुण होते, उन्हानं काळे पडलेले, आवाज खालचा. भांडायची तयारी करून बसलेल्या माणसाला असा माणूस फार अडचणीचा. ते तलावाच्या पारीवर मोहाच्या झाडाखाली बसले आणि उलट आम्हालाच विचारू लागले, तुमची डीपी दर उन्हाळ्यात का जळते? डीपी म्हणजे गावच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. त्याच्यावर विहिरींच्या अठरा मोटारी होत्या; उन्हाळ्यात तलावाचं पाणी माशांसाठी राखायचं आणि धान विहिरींवर जगवायचं. ते म्हणाले, तुम्ही सगळे एकदम मोटारी चालवता, आजूबाजूची गावंही तेच करतात, म्हणून कागदावर लोड वाढतो, आणि लोड वाढला म्हणून नवी लाइन लागते. लाइन नको असेल तर आधी लोड कमी करून दाखवा.

सरपंच म्हणाले, मोटारी काय शोभेला घेतल्या काय? सगळे हसले. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले की त्यांचा अहवाल अक्षय तृतीयेनंतर वर जाणार आहे. तोपर्यंत डीपी एकदाही जळली नाही तर ते लिहून देतील की इथं लाइनीची घाई नाही, सडकेच्या कडेनं वळसा घालून नेली तरी चालेल. आणि जळली तर मग त्यांच्या हातात काही राहणार नाही.

उपाय काढला तो बाईनं. तिच्या घरी ना बांधी ना मोटार. पण तलावाचं पाणी बांध्यांना कसं वाटतात हे ती जन्मभर पाहत होती. आमच्या गावात ती वाटणी सावलीवर चालायची. पारीवर एक खांब रोवलेला, त्याच्या भोवती दगड मांडलेले. खांबाची सावली या दगडावरून त्या दगडावर गेली की पाणी या बांधीतून त्या बांधीत. घड्याळ गावात तिघांकडे होतं आणि तिघांचं वेगळं चालायचं, पण सावलीशी कोणी हुज्जत घालत नव्हतं. बाई म्हणाली, पाणी जसं वाटता तशी वीज वाटा. सहा-सहा मोटारींचे तीन गट करा. ज्या गटाचं फडकं पारीवरच्या बांबूवर चढेल त्यानंच बटण दाबायचं, बाकीच्यांनी हात बांधून बसायचं. आम्ही ढिवर दिवसभर तलावावरच असतो, फडकं चढवायचं काम आमचं.

लाल, हिरवं आणि पिवळं अशी तीन फडकी ठरली. पिवळं माझ्या लुगड्याचं होतं. लुगडं अंगावर विरलं होतं पण रंग पक्का होता, लांबून दिसायचा. माझी मोटार त्याच गटात होती.

एक अडचण होती, आणि ती बाहेरच्या माणसाच्या ध्यानात यायची नाही. वीज कधी येईल, कधी जाईल याचा भरवसा नव्हता. म्हणून आम्ही प्रत्येकानं स्टार्टरच्या हिरव्या बटणात बांबूची काडी ठोकून ठेवलेली असायची. बटण दाबलेलंच राहायचं. वीज आली की मोटार आपोआप सुरू, माणूस घरी जेवत का बसेना. अठरा विहिरींवर अठरा काड्या. वीज आली की अठराच्या अठरा मोटारी एका झटक्यात उठायच्या आणि डीपी कण्हायला लागायची. साहेबांना हे माहीत होतं. आम्हालाही होतं. पण आपली एक काडी काढून काय होणार, असंच जो तो म्हणायचा.

तर त्या दिवशी सगळ्यांनी आपापली काडी आणून पारीवर मोडली आणि तलावात टाकली. धानाच्या ओंजळीवर हात ठेवून शपथा झाल्या. मीही मोडली. माझ्या स्टार्टरच्या पेटीवर एक जादा काडी पडलेली होती, ती मला आठवली नाही असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. खोटं आहे. आठवली होती.

दीड महिना ती व्यवस्था अशी चालली की आम्हालाच नवल वाटलं. सकाळी लाल चढायचं, सावली दुसऱ्या दगडावर गेली की हिरवं, मग पिवळं. मोटारीचा आवाज पहिल्यांदाच भरीव यायला लागला, पाण्याची धारही जाड झाली. आधी बारा तासांत जेवढं पाणी निघायचं नाही तेवढं चार तासांत निघत होतं. सरपंच तर असे बोलू लागले की जणू हे सगळं त्यांच्याच डोक्यातून निघालं. बोलू दिलं त्यांना.

मग ऊन चढलं. उन्हाळी धान गर्भात आलं. लोंबी अजून पोटात असते आणि धान पाण्यावाचून दोन दिवस राहिलं तरी दाणा भरत नाही, ते हे दिवस. आणि नेमकं तीन दिवस ओळीनं पिवळं फडकं चढलं की वीज जायची. लाल गटाच्या बांध्या भरलेल्या, हिरव्याच्या भरलेल्या, आमच्या बांधीला भेगा पडल्या. चौथ्या दिवशी सकाळीच मी पारीवर गेले. बाई जाळं विणत बसली होती. मी म्हटलं, आमची गेलेली वेळ आज लालच्या वेळेतून भरून दे. ती म्हणाली, असं एकाले देलं तर उद्या सगळेच मागतीन, मंग फडक्याले कोणी मोजन नाई. मी बरंच काही बोलले. तुझं काय, तुझे मासे तर पाण्यात आहेत, हेही बोलले. तिनं जाळ्यावरून मान वर केली नाही. मला वाटलं होतं ती माझ्यासाठी नियम वाकवेल, आणि ती वाकवत नाही याचाच राग जास्त होता.

तशीच तणतणत विहिरीवर गेले. पेटीवरची काडी घेतली आणि बटणात ठोकली. अंगठ्याला लागलंसुद्धा, रक्त आलं. पारीवर तेव्हा लाल फडकं होतं आणि वीज गेलेली होती. मी मनात म्हटलं, एकच तर मोटार, सहाच्या सात होतील, काय बिघडतं.

ऊन वर आलं तेव्हा मी बांधीत होते. दांडातून, म्हणजे पाटातून, पाणी आलं तेव्हा आधी आवाज ऐकला, मग दिसलं. भेगांमध्ये पाणी जात होतं आणि माती सूं सूं करत होती. मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच बांधीच्या धुऱ्यावर बसले आणि पाण्यात पाय सोडले. पोटच्या पोराला पाणी पाजल्यासारखं वाटलं. मग गावाच्या बाजूनं डीपीचा आवाज आला. आधी घरघर, मग काही तरी आतून फाटावं तसा मोठा आवाज, आणि खांबावरून काळा धूर. दांडातलं पाणी थांबलं. आमच्या बांधीचा कोपराही भिजला नव्हता.

मी विहिरीकडे पळाले. काडी काढायची, एवढंच डोक्यात होतं. पण माझी विहीर पारीला सगळ्यांत जवळ. बाई माझ्या आधी तिथं पोचली होती. स्टार्टरची पेटी उघडी होती आणि काडी तिच्या हातात होती. माझ्या अंगठ्याचं रक्त त्या काडीला लागलेलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, काडी कमरेला खोचली, आणि फक्त म्हणाली, "घरी जाय."

मी घरी गेले.

साहेब तिसऱ्या दिवशी येणार असा निरोप आला. ते तीन दिवस मी बाईकडे गेले नाही. उंबऱ्यापर्यंत यायची आणि परत आत जायची. शेजारणी सांगायच्या की गावात बाईलाच बोल लावतात, फडकं चढवण्यात घोळ केला म्हणतात, कोणी तर म्हणे ढिवरांना काय कळतं विजेतलं. मी पीठ मळत ऐकत होते. बोलले असते तर काय झालं असतं? गावानं चार शिव्या घातल्या असत्या. पण मला वाटायचं, काड्यांचं बाहेर आलं तर साहेब म्हणतील हे लोक शपथा घेऊन फसवतात, आणि तलाव जाईल. तलावासाठीच गप्प आहे, असं मी स्वतःला पटवत होते. आज सांगते, भीती तलावाची नव्हती. मला माझ्याच अब्रूची भीती होती.

तिसऱ्या दिवशी सगळं गाव पारीवर जमलं. मोहाखाली साहेब बसले, मांडीवर वही. डीपी कशी जळली एवढंच त्यांनी विचारलं. सरपंच मोठमोठ्यानं बोलू लागले की गावानं शब्द पाळला, आता राखणदारानंच चूक केली तर गावाचा काय दोष. त्यांच्या दोन मोटारी होत्या. बोलताना ते सारखे हात चोळत होते.

मग बाई उभी राहिली. साहेबांना म्हणाली की चूक तिचीच आहे. लाल उतरवायच्या आधीच तिनं हिरव्याच्या जागी चुकून पिवळं चढवलं, दोन गट एकदम चालू झाले. माणसाच्या हातून होतं, पुन्हा होणार नाही. तिचा आवाज अजिबात हलला नाही. मला समजलं ती काय करते आहे. तिनंही माझ्यासारखाच हिशेब केला होता. गाव खोटं ठरलं तर तलाव जाईल, एक बाई चुकली तर कदाचित राहील. फरक एवढाच की तिनं त्यासाठी स्वतःला पुढं केलं होतं, आणि मी तिला.

साहेबांनी वहीचं पान उलटलं. मग म्हणाले, तसं असेल तर मी काय लिहू? एका फडक्याच्या चुकीनं जर डीपी जाते तर ही व्यवस्था भरवशाची नाही. उद्या परत चूक होईल. आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

ढिवरांच्या बायका एका बाजूला बसल्या होत्या. त्यांतली एकही रडली नाही, फक्त एकीनं पदर तोंडावर घेतला. बाई तशीच उभी होती. मला वाटतं त्या क्षणी तिला कळलं असावं की तिचं खोटं उलटं पडलं. मी उठले कधी ते मला आठवत नाही. आवाज माझा होता, एवढं आठवतं.

"फडकं बराबर होतं साहेब. काडी माही होती."

मी सगळं सांगितलं, पेटीवरची जादा काडी, अंगठा, बांधी, पाणी. मग पिवळ्या गटातला एक म्हातारा शेतकरी उठला आणि धोतराच्या सोग्यातून काडी काढून साहेबांसमोर ठेवली. मग दुसरा. मग लाल गटातला एक, ज्याला गरजही नव्हती. एकूण आठ झाल्या, माझी धरून नऊ. सरपंचांची त्यात नव्हती. त्यांच्या दोन्ही विहिरींवर काड्या होत्या हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण ते हात चोळतच बसले.

साहेबांनी त्या काड्या एकेक करून पाहिल्या. म्हणाले, म्हणजे दीड महिना डीपी टिकली ती तुमच्या वाटणीनं, आणि जळली ती या काड्यांनी. हे त्यांनी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा त्यांचा आवाज जरा वर होता. पेन त्यांनी टोपणात घातलं.

नवी डीपी आठव्या दिवशी आली. साहेब स्वतः आले, तारेला धरायचं चिमट्यासारखं मीटर घेऊन डीपीखाली खुर्ची टाकून दिवसभर बसले. फडकी चढली, उतरली, सहा-सहा मोटारी चालल्या. मीटरचा काटा जागच्या जागी राहिला. काही महिन्यांनी नव्या खुंट्या आल्या त्या सडकेच्या कडेनं. तलावात एकही पडली नाही. लाइन आजही तिथूनच जाते, पारीवर उभं राहिलं की लांब दिसते.

काड्या ठेवणाऱ्यांना गावानं शिक्षा दिली. हंगाम संपेपर्यंत त्यांची पाळी सगळ्यांत शेवटी. योग्यच होतं. माझी निम्म्याहून जास्त बांधी पोचट गेली, धान हातात चुरडलं तर नुसता कोंडा. नवरा म्हणाला, तू गप्प राहिली असतीस तर? मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. मला वाटत होतं, मी मोठं काम केलं. तलाव वाचवला, आणि बाईवरचा डागही पुसला. ती कधी येते आणि पोरी म्हणून हाक मारते याची मी वाट पाहत होते.

पावसाळा झाला, तलाव भरला. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, सुमारास ढिवर पहिलं मोठं जाळं टाकतात, आणि त्या जाळ्यातला वाटा पारीखालच्या प्रत्येक घरी देतात. तशी रीतच होती. बाई आली. पळसाच्या पानांत बांधलेले मासे तिनं उंबऱ्यावर ठेवले. त्यांच्या वर एक फडकं होतं, धुतलेलं, घडी केलेलं. माझ्या पिवळ्या लुगड्याचं.

मी विचारलं, हे का परत आणलं. ती म्हणाली, बांबूवर आता दुसरं लावलं आहे, पाटलीणबाई.

पाटलीणबाई. आमच्या घरी कोणी पाटील नाही. ढिवरांच्या बायका शेतीवाल्या घरच्या कुठल्याही बाईला तसं म्हणायच्या. तिनं मला कधीच म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं, बाई, तलाव तर वाचला ना. मी खरं तेच बोलले ना. मग काहून?

ती पायरी उतरली होती. थांबली.

"तीन दिवस होते तुह्याजवळ," ती म्हणाली. "माह्या घरी येऊन एकटीले सांगतलं असतं तर मी खोटं बोललीच नसती. मी गावासमोर खोटी झाली तुह्यासाठी, अन् तू त्याच गावासमोर मले खोटी पाडून खरी झाली."

रागानं नाही बोलली. रागानं बोलली असती तर मला जमलं असतं, भांडता येतं मला. पदर सारखा करून ती पारीच्या बाजूनं निघून गेली. त्यानंतर मी त्या गावात कितीतरी वर्षं होते. रोज ती फडकं चढवायची, रोज मी बटण दाबायची, समोर आलो तर धानाचं, पाण्याचं बोलायचो. पोरी म्हणून तिनं मला परत हाक मारली नाही. ती काडी तिनं काय केली हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दिवशी मी पळसाचं पान सोडलं. वाटा पुरा होता, दुसऱ्या घरांना दिला तेवढाच, एकही मासा कमी नाही. वर एक मरळ जास्तीची होती, बाळंतपणात आणायची तेवढी. चुलीसमोर बसून मी ती कापली, आणि मला इतकी लाज वाटली की लेकरांनी विचारलं, आई, धूर लागला का.